विश्लेषण : विमानतळावरच्या नव्या स्कॅनरमुळे कॅमेऱ्याचा रोल खराब होतो का? फिल्म आणि कॅमेरा घेऊन विमानप्रवास करताना काय सांभाळायचे?

गेल्या वर्षी आत्याच्या साठीशांतीसाठी जर्मनीला गेलो होतो. घरातल्या घरात छोटासा होम, धूर होऊ नये म्हणून सताड उघडलेल्या खिडक्या आणि तरीही छतावरचा स्मोक अलार्म वाजेल या भीतीने स्टुलावर उभा राहून पेपरने वारा घालणारा आतेभाऊ, असा तो सोहळा होता. चौऱ्याऐंशी वर्षांची आजी पहिल्यांदाच परदेशी आली होती. मी आजोबांचा जुना याशिका कॅमेरा मुद्दाम बरोबर नेला होता. मोबाइलवर शेकडो फोटो निघाले, पण आजी आणि आत्या एकमेकींकडे बघत हसतात तो क्षण मी रोलवर टिपला. ४०० आयएसओचा एक रोल होता, ८०० चा दुसरा.

परतीच्या प्रवासात विमान बदलताना पुन्हा सुरक्षा तपासणी झाली. तिथली यंत्रे एकदम नवी. ‘‘लॅपटॉप काढू नका, चार्जर काढू नका, सगळे बॅगेतच राहू द्या,’’ असे तिथल्या कर्मचाऱ्याने हसून सांगितले. मलाही बरे वाटले. बॅग तशीच्या तशी ट्रेमध्ये ठेवली आणि पुढे गेलो.

मुंबईत रोल धुवायला दिला. चार दिवसांनी लॅबवाल्यांचा फोन आला. पहिला प्रश्न होता, ‘‘रोल स्कॅनरमधून गेला होता का?’’ ४०० च्या रोलमधले फोटो ओळखू येत होते, पण सावल्यांच्या जागी काळ्याऐवजी राखाडी धुके आले होते. ८०० च्या रोलवर तर प्रत्येक फोटोतून फिकट लाटा गेल्या होत्या. आजीच्या चेहऱ्यावरूनही.

चूक माझीच होती. इंजिनीअरिंगची चार वर्षे काढूनही ‘लॅपटॉप काढायची गरज नाही’ या वाक्याचा अर्थ मला लागला नव्हता. तो अर्थ काय, हे सांगण्यासाठी हा लेख. पुन्हा फिल्मकडे वळलेले बरेच जण, लग्नात इन्स्टॅक्स कॅमेरा फिरवणारे आणि रोलशी काही संबंध नसला तरी कॅमेऱ्याची बॅग घेऊन विमानात बसणारे, अशा सगळ्यांना तो उपयोगी पडावा.

फिल्मला एक्स-रेचे एवढे वावडे का?

कारण फिल्म ही मुळात एक्स-रे टिपणारी वस्तू आहे. विल्हेल्म राँटजेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि डिसेंबरमध्ये त्यांनी पत्नीच्या हाताची हाडे दाखवणारे ते प्रसिद्ध चित्र घेतले, ते फोटोग्राफीच्या काचेवरच. पुढे कित्येक दशके दवाखान्यात मिळणारा एक्स-रे म्हणजे फिल्मच होती. तेव्हा फिल्मला एक्स-रे ‘लागतो’ यात नवल काही नाही, न लागता तरच नवल.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या संयुगाचे, म्हणजे सिल्व्हर हॅलाइडचे, बारीक स्फटिक बसवलेले असतात. प्रकाश पडला की स्फटिकात चांदीचे काही अणू सुटे होतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण धुण्याच्या रसायनात नेमके तेच स्फटिक काळे पडतात आणि चित्र उमटते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणापेक्षा एक्स-रेच्या कणात हजारो पट ऊर्जा असते. कॅमेऱ्याची भिंत, रोलची पत्र्याची डबी, प्लॅस्टिकचे झाकण यातले काहीच त्याला अडवू शकत नाही. तो थेट स्फटिकापर्यंत पोहोचतो. मग जिथे प्रकाश पडलेलाच नाही तिथलेही स्फटिक काळे पडू लागतात. छायाचित्रकार याला ‘फॉग’ म्हणतात, आणि तो फोटोत अगदी धुक्यासारखाच दिसतो.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्यायला हवी. हा परिणाम साठत जातो. आज एका यंत्रातून थोडा, उद्या दुसऱ्यातून थोडा, आणि रोल धुवेपर्यंत त्याची बेरीज चालूच राहते. मुंबईहून आखाती देशात विमान बदलून युरोपला जाऊन यायचे म्हटले, तर जाता-येता मिळून किमान चार तपासण्या होतात. त्यात दिल्ली-मुंबईच्या मेट्रोत बॅगा तपासणारी यंत्रे, पंचतारांकित हॉटेलच्या दारातली यंत्रे. विमानात न बसताही रोल आठवडाभरात दहा वेळा एक्स-रेखालून जाऊ शकतो. मेट्रोच्या रांगेत हा विचार सहसा कोणी करत नाही.

मग इतकी वर्षे काही बिघडत कसे नव्हते?

कारण हातसामानासाठीची जुनी यंत्रे सौम्य असतात. एक्स-रेचा पातळ पंखा बॅगेवरून एकदाच फिरतो, एखाद-दोन कोनांतून सपाट चित्र मिळते आणि काम संपते. आयएसओ १००, २००, ४०० च्या रोलांना अशा दोन-चार फेऱ्यांनी दिसण्याजोगा फरक पडत नाही. ‘मी दहा वर्षे रोल घेऊन फिरतोय, काही होत नाही’ असे सांगणारे काका प्रत्येक फोटोग्राफी क्लबात भेटतात. ते खोटे बोलत नाहीत, फक्त त्यांचा अनुभव जुन्या यंत्राचा आहे.

नवीन यंत्र म्हणजे सीटी स्कॅनर. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी शोधलेले आणि १९७१ मध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरलेले तेच तंत्र इथे बॅगेला लावलेले असते. एक्स-रेचा स्रोत बॅगेभोवती गोल फिरतो, शेकडो कोनांतून प्रतिमा घेतो आणि संगणक त्या जोडून बॅगेचे त्रिमिती चित्र तयार करतो. पडद्यासमोर बसलेला अधिकारी ते चित्र बोटाने फिरवतो आणि लॅपटॉप बाजूला ‘सरकवून’ त्याच्या मागचे पाहतो. म्हणून तर लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही. प्रवाशाच्या दृष्टीने ही सोय उत्तमच आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्याहून चांगली.

पण शेकडो कोन म्हणजे रोलवर पडणारी मात्राही तितकी वाढलेली. सीटी स्कॅनरमधून एकदा गेला तरी न धुतलेल्या रोलवर धुके येऊ शकते, असा इशारा कोडॅकने दिला आहे. कृष्णधवल फिल्म बनवणाऱ्या इल्फर्डचाही सल्ला तोच आहे : सीटी स्कॅनरमध्ये घालू नका, हाताने तपासून घ्या.

ओळखायचे कसे? यंत्र पांढरेशुभ्र, गोलसर, दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखे मोठ्या तोंडाचे दिसले तर सावध व्हायचे. पण आकारावर फार विसंबू नका. खरी खूण म्हणजे ते वाक्य. ‘लॅपटॉप आतच राहू द्या’ ऐकू आले की समोर बहुधा सीटी आहे. जुन्या यंत्राच्या रांगेत ‘लॅपटॉप बाहेर, चार्जर बाहेर, पॉवर बँक बाहेर’ हा गजर चालू असतो. तो त्रास फिल्मवाल्याच्या फायद्याचा.

अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोलसारख्या विमानतळांवर हातसामानासाठी सीटी यंत्रे सर्रास आहेत. आपल्याकडेही वर्षाला ५० लाखांहून अधिक प्रवासी हाताळणाऱ्या विमानतळांनी अशी यंत्रे बसवावीत, असे नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचे, म्हणजे ‘बीसीएएस’चे धोरण आहे. म्हणजे मुंबई, पुणे, गोवा इथून ये-जा करणाऱ्यांनी ‘ते परदेशात असते’ असे समजून निर्धास्त राहू नये.

रोल चेक-इनच्या बॅगेत टाकला तर?

नाही. कधीच नाही. न धुतलेला रोल चेक-इनमध्ये टाकायचा नाही, हा एवढा एक नियम पाळला तरी अर्धे नुकसान टळते.

पोटात जाणाऱ्या सामानाची तपासणी पूर्वीपासूनच जास्त तीव्र यंत्रांनी होते आणि त्यामागे इतिहास आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर बॉम्बस्फोटाने कोसळले. ३२९ जण गेले. बॉम्ब चेक-इनच्या बॅगेत होता आणि त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. टोरांटोच्या विमानतळावर सामान तपासणारे एक्स-रे यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले आणि उरलेल्या बॅगा हातातल्या स्फोटकशोधक उपकरणाने तपासल्या गेल्या. तीन वर्षांनी, डिसेंबर १९८८ मध्ये, लॉकरबीवर पॅन अ‍ॅमचे विमान पडले. तिथेही बॉम्ब सुटकेसमध्ये, कॅसेट प्लेअरच्या आत होता. बळी २७०. या धक्क्यांनंतर सामानासाठी सीटी यंत्रे आली. अमेरिकेत त्यातल्या पहिल्या यंत्राला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. ११ सप्टेंबर २००१ नंतर तर चेक-इनची प्रत्येक बॅग तपासणे तिथे बंधनकारक झाले.

हे सांगायचे कारण असे की रोल खराब झाल्यावर यंत्राला शिव्या घालणे सोपे असते. मीही घातल्या. पण ते यंत्र तिथे उगाच आलेले नाही.

कोणता रोल जास्त नाजूक? इन्स्टॅक्सचे काय?

आयएसओचा आकडा जितका मोठा, तितकी फिल्म प्रकाशाला संवेदनशील, आणि त्याच न्यायाने एक्स-रेलाही. जुन्या यंत्रापुरते बोलायचे तर ८०० ही लक्ष्मणरेषा धरतात. इल्फर्ड डेल्टा ३२०० किंवा कोडॅक टी-मॅक्स पी३२०० सारखे रोल जुन्या यंत्रातूनही जाऊ देऊ नयेत. सीटीपुढे मात्र ही रेषा पुसली जाते, तिथे २०० आणि ४०० लाही धोका आहे.

आता इन्स्टॅक्स. हळदीला, साखरपुड्याला, गोव्याच्या सहलीत तो गुलाबी-निळा कॅमेरा दिसतोच. त्यातून लगेच फोटो बाहेर येत असल्यामुळे आत ‘फिल्म’ आहे हे लोक विसरतात. इन्स्टॅक्स मिनीची फिल्म ८०० आयएसओची असते. न वापरलेली पाकिटे चेक-इनमध्ये टाकून डेस्टिनेशन वेडिंगला गेलात, तर पाहुण्यांच्या वहीत चिकटवलेले फोटो फिकट, मळकट निघू शकतात. दोष मग कॅमेऱ्याला दिला जातो. एकदा वापरून टाकायच्या कॅमेऱ्यांचेही तसेच. कोडॅकच्या फनसेव्हरमध्ये ८०० आयएसओचाच रोल असतो.

याउलट धुतलेल्या फिल्मला काहीही होत नाही. धुताना वापरात न आलेले सिल्व्हर हॅलाइड निघून जाते, मागे राहते ते पक्के चित्र. माळ्यावरच्या ट्रंकेतली आई-बाबांच्या लग्नाची निगेटिव्ह अमेरिकेतल्या मावशीकडे न्यायची असेल, तर खुशाल कोणत्याही बॅगेत टाका. पण त्याच ट्रंकेत आजोबांचा वापरलेला, न धुतलेला रोल सापडला, तर तो आहे त्याच गावाजवळ धुऊन घेण्याची सोय होते का ते आधी बघा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो आधीच थकलेला असतो.

मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह आणि डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर यांना या तपासणीने काहीही होत नाही. प्रवाशाच्या अंगावरून फिरणाऱ्या फुल बॉडी स्कॅनरमध्ये मिलिमीटर लहरी असतात, एक्स-रे नव्हे. त्याने आणि दारासारख्या मेटल डिटेक्टरनेही फिल्म बिघडत नाही. म्हणून काही जण रोल खिशात घालून जायचा बेत करतात. तो करू नका. डबी पत्र्याची असते, यंत्र वाजते, आणि मग तुम्ही काहीतरी लपवत होता असे दिसते.

‘हाताने तपासा’ असे म्हणता येते का?

म्हणता येते, आणि म्हणायलाच हवे. ऐकले जाईलच असे मात्र नाही.

अमेरिकेत ही बाब नियमातच आहे. प्रवाशाने मागणी केली तर फिल्म आणि छायाचित्रणाचे साहित्य एक्स-रेविना हाताने तपासावे लागते आणि तिथली सुरक्षा यंत्रणा ‘टीएसए’ स्वतःच प्रवाशांना तशी मागणी करायला सांगते. युरोपात अनेक ठिकाणी ते समोरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते. आपल्याकडेही प्रत्यक्षात रांगेतल्या ‘सीआयएसएफ’ जवानाच्या आणि त्याच्या वरिष्ठाच्या निर्णयावरच सगळे अवलंबून राहते. मुंबईत मला दोनदा लगेच ‘हो’ मिळाले. दुसऱ्या एका विमानतळावर ‘मशीन से कुछ नहीं होता, सर’ असे उत्तर मिळाले आणि रोल आत गेला.

‘हो’ मिळण्याची शक्यता वाढवता येते. रोल पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून एका पारदर्शक झिप पिशवीत घाला आणि ती पिशवी बॅगेच्या तळाशी न ठेवता हातात ठेवा. ट्रे पुढे सरकण्याआधी बोला, नंतर नाही. ‘फोटो की फिल्म है, एक्स-रे से खराब होती है, कृपया हाथ से चेक कीजिए,’ एवढेच पुरते. गर्दीच्या वेळी पहाटेच्या विमानासाठी ऐनवेळी धावत येऊन ही विनंती केली, तर समोरच्याने नाही म्हटल्याचा राग धरू नका. अर्धा तास आधी या. ३२०० चा एखादा रोल पिशवीत सगळ्यांत वर, आकडा दिसेल असा ठेवला तर समजावणे सोपे जाते, हा फिल्मवाल्यांचा जुना तोडगा आहे.

हाताने तपासणे म्हणजे अधिकारी डब्या बघतो, एखादी उघडायला लावतो, स्फोटकांचे कण शोधणारी कापडी पट्टी फिरवून ती यंत्रात घालतो. दोन मिनिटांचे काम. रोल कॅमेऱ्यात भरलेला असेल तर मात्र पंचाईत होते, कारण कॅमेरा उघडून दाखवला तर रोल जातो आणि न दाखवला तर कॅमेरा यंत्रात जातो. म्हणून विमानतळावर निघण्याआधी चालू रोल संपवून गुंडाळून ठेवावा. शेवटचे तीन-चार फोटो टॅक्सीच्या खिडकीचे आले तरी चालतील.

बाजारात शिशाचा थर दिलेल्या पिशव्या मिळतात. त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. पडद्यावर तिथे काळा ठोकळा दिसतो, आणि काळा ठोकळा दिसला की अधिकारी बॅग पुन्हा यंत्रातून काढतो किंवा उघडायला लावतो. पिशवीमुळे हाताने तपासणी झाली तर फायदाच झाला, पण मग ती आधीच मागितलेली काय वाईट?

सगळ्यांत सोपा उपाय जरा खर्चिक आहे : रोल जिथे जाणार तिथेच घ्यायचे आणि परतण्याआधी तिथेच धुऊन घ्यायचे. माझ्याकडे जर्मनीत चार मोकळे दिवस होते. आत्याच्या घरापासून ट्रामने पंधरा मिनिटांवर लॅब होती, हे मला मुंबईत परतल्यावर कळले.

आणि कुरिअर? आंतरराष्ट्रीय पार्सलेही एक्स-रेखालून जातात. सिनेमावाले रिळांच्या डब्यांवर ‘एक्स-रे करू नका’ अशी ठळक चिठ्ठी लावतात आणि कार्गोवाल्यांशी आधी बोलून ठेवतात. क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘टेनेट’चे काही चित्रीकरण २०१९ मध्ये मुंबईत झाले, तेही फिल्मवर. असल्या निर्मितीसंस्थांकडे हे सांभाळायला वेगळी माणसे असतात. दोन रोल घेऊन फिरणाऱ्याकडे ती नसतात.

बॅटरी, पॉवर बँक आणि ७ किलोंचे गणित

फिल्मशी संबंध नसलेल्या, डिजिटल कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी मुख्य प्रश्न बॅटरीचा. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाहीत, हातसामानातच न्याव्या लागतात. कारण साधे आहे : केबिनमध्ये बॅटरी पेटली तर कोणीतरी बघते आणि विझवते, पोटात पेटली तर कळायलाच उशीर होतो. बोर्डिंगच्या आधी नाव पुकारून प्रवाशाला चेक-इनची बॅग उघडायला बोलावतात, तेव्हा बहुतेक वेळा आत पॉवर बँकच निघते.

मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा दोनच सुट्या बॅटऱ्या नेता येतात. वॉट-अवर काढायला व्होल्टला अँपिअर-अवरने गुणायचे. सोनीच्या नेहमीच्या एनपी-एफझेड१०० बॅटरीवर ७.२ व्होल्ट आणि २२८० मिलिअँपिअर-अवर लिहिलेले असते, म्हणजे ७.२ गुणिले २.२८, साधारण १६.४. मर्यादेच्या कितीतरी आत. २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणली की ७४ येतात, तीही चालते. अडतात ते मोठे व्हिडीओ लाइट आणि सिनेमा कॅमेऱ्याच्या विटेएवढ्या बॅटऱ्यांवाले. बॅटरीवरचा आकडा पुसट झाला असेल तर ती बॅटरी घरीच ठेवावी. वाचता न येणाऱ्या आकड्यावर वाद घालून कोणी जिंकत नाही. सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी किंवा ती टोपणात ठेवावी, म्हणजे किल्ल्या-नाण्यांना लागून शॉर्ट होत नाही.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणाआधीच पेटले. संशय पॉवर बँकेवर गेला आणि त्यानंतर नियम कडक होऊ लागले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली. न्यायला एकच, तीही १०० वॉट-अवरच्या आतली, आणि वरच्या कप्प्यात नव्हे तर जवळ ठेवायची. प्रवासाआधी आपल्या विमान कंपनीचा ताजा नियम वाचणे भाग आहे.

वजनाचे म्हणाल तर देशांतर्गत प्रवासात हातसामानाला साधारण ७ किलोंची मर्यादा असते. कॅमेऱ्याची बॉडी पाऊण किलो, मोठी झूम लेन्स दीड किलो, दुसरी लेन्स एक किलो, लॅपटॉप दीड किलो, चार्जर, फ्लॅश, आणि रिकामी कॅमेरा बॅगच दोन किलो. झाले सात. म्हणून लेन्स जॅकेटच्या खिशात घालून चेक-इनच्या काउंटरवर उभे असलेले छायाचित्रकार तुम्ही पाहिले असतील, दर उन्हाळ्यात ताडोबाला निघणाऱ्यांत ते हमखास दिसतात. ट्रायपॉड, स्क्रू-ड्रायव्हर, अ‍ॅलन की चेक-इनमध्ये जाऊ द्या. लेन्स मात्र शक्यतो नको. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान हरवले-फुटले तर माँट्रियल करारानुसार भरपाईची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर, म्हणजे आजच्या दराने पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास आहे. चांगल्या टेलिफोटोची किंमत त्याहून जास्त असते, आणि कॅमेऱ्यासारख्या नाजूक वस्तूंची जबाबदारी विमान कंपन्या अटींमध्ये आधीच झटकतात.

कोल्हापूरसारख्या ठिकाणी जाणाऱ्या छोट्या एटीआर विमानांत वरचे कप्पे अरुंद असतात. मोठी हातबॅग विमानाच्या दाराशी काढून घेतात आणि पोटात टाकतात. तेव्हा घाईत बॅटऱ्या आणि पॉवर बँक बाहेर काढायला विसरू नका. गंमत म्हणजे फिल्मला त्या वेळी काही धोका नसतो, कारण तपासणी आधीच झालेली असते, ती बॅग पुन्हा एक्स-रेखाली जात नाही.

परदेशातून परतताना कस्टम अडवते का?

महागडा कॅमेरा इथूनच नेला होता, हे परतताना सिद्ध करता आले पाहिजे. त्यासाठी जातानाच विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याकडून वस्तूचा सिरियल नंबर नोंदवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेता येते. खरेदीचे बिल मोबाइलमध्ये ठेवा. व्यावसायिक चित्रीकरणासाठी पेट्याच्या पेट्या न्यायच्या असतील तर एटीए कार्ने नावाची कागदपत्रे लागतात, भारतात ती ‘फिक्की’कडून मिळतात.

मग आपल्याकडे नेमके काय हवे?

फार काही नाही. सीटी यंत्रे येऊ देऊ नका, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. रांगा कमी होतील, सुरक्षा वाढेल. पण यंत्र बदलताना त्याच्या शेजारचा फलकही बदलायला हवा. ज्या रांगेत सीटी यंत्र आहे, तिथे ट्रे उचलायच्या जागी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एक ओळ असावी : ‘न धुतलेली फोटो फिल्म आणि इन्स्टॅक्सची पाकिटे या यंत्रात ठेवू नका, हाताने तपासणीसाठी सांगा.’ दुसरे, ‘बीसीएएस’ने हाताने तपासणीचा नियम स्पष्ट शब्दांत जाहीर करावा, म्हणजे पहाटे चार वाजता ड्यूटीवर असलेल्या जवानाला प्रवाशाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न स्वतःच्या जबाबदारीवर सोडवावा लागणार नाही. आज तो ‘नाही’ म्हणतो, कारण ‘हो’ म्हणण्यात जोखीम त्याची एकट्याची असते. त्याच्या जागी आपणही तेच केले असते.

यावर एक आक्षेप येतो : मूठभर हौशी लोकांसाठी एवढे कशाला? फिल्मवाले खरोखरच मूठभर आहेत. पण इन्स्टॅक्सवाले मूठभर नाहीत आणि कपाटात न धुतलेला रोल असलेली घरेही कमी नाहीत. शिवाय यात खर्च आहे तो एका फलकाचा आणि एका परिपत्रकाचा. स्फोटकांचे कण शोधणारी पट्टी आणि यंत्र विमानतळांवर आधीपासूनच असते.

आजीच्या त्या फोटोचे पुढे काय झाले, असे घरी सगळे विचारतात. लॅबवाल्यांनी जमेल तेवढे धुके संगणकावर उतरवले. आत्याचा चेहरा बऱ्यापैकी स्पष्ट आला. आजीच्या गालावरून जाणारी एक फिकट पट्टी काही गेली नाही. आजीने फोटो हातात धरून चष्मा वर-खाली करत बघितला आणि म्हणाली, ‘‘होमाचा धूर दिसतोय रे.’’ मी होकारार्थी मान हलवली. पुढच्या महिन्यात आत्या इकडे येते आहे. याशिकात नवा रोल भरून ठेवलाय, २०० चा, आणि तो मुंबईतच धुवायला जाणार आहे.